लेझरनं डाग पडले ते एक, पण मशीनचं नाव मिळवायला जी दमछाक झाली

हनुवटीवरच्या केसांबद्दल आमच्यात कुणी उघड बोलत नाही, गुपचूप थ्रेडिंग करून यायचं एवढंच. मला पीसीओडी, म्हणजे हार्मोनचा त्रास आहे, त्यामुळे काढले की आठवड्यात परत हजर. खानापूरहून बेळगावला कामाला रोज येतेच, म्हणून तिथलंच एक लेझर सेंटर बघून पॅकेज घेतलं. सुरुवातीच्या सिटिंगबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. रबरबँड फटकन बसावा तसं लागतं, जळक्या केसांचा वास येतो, थोडी लाली आणि केसांच्या मुळाशी बारीक सूज येते, ती एक-दोन दिवसात उतरते. एवढं होणं नॉर्मलच आहे, त्याला घाबरू नका.

मग सौंदत्तीची यात्रा आली. डोंगरावर दिवसभर उन्हात, चेहरा रापला. त्यानंतर लगेच सिटिंग होती आणि उन्हात जाऊन आलात का असं तिथं कुणी विचारलंच नाही. रोजची मुलगी नव्हती, दुसरीच होती, तिनं फटाफट मारलं. ह्यावेळी चटके जास्त बसले. मी म्हटलं फार लागतंय, तर म्हणाली पॉवर वाढवलीय मॅडम, रिझल्ट लवकर येतो. रात्री जबड्याच्या कडेला फोड, आणि फोड सुकल्यावर चौकोनी तपकिरी पट्टे, मशीनच्या टोकाचा छापच जणू. बघणाऱ्याला वाटेल इस्त्री लागलीय.

टिळकवाडीतल्या एका स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगाला पकडतो आणि मूळ जाळतो, पण तोच रंग आपल्या कातडीतही असतो, उन्हानं रापली की आणखी वाढतो, मग केसासोबत कातडी पण भाजते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला एनडी-याग, म्हणजे १०६४ नॅनोमीटरचं मशीन जास्त सेफ, कारण ते खोल जातं आणि वरच्या थरात कमी अडकतं. ८०८ च्या आसपासचं डायोडही चालतं, पण कूलिंग आणि सेटिंग नीट पाहिजे. ७५५ चं अलेक्झांड्राइट गोऱ्या लोकांना ठीक. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कुठलं मारलं आणि किती ज्यूलवर, म्हणजे किती जोरानं? मी गप्प. बिलावर फक्त ‘स्किन सर्व्हिस पॅकेज’. त्या म्हणाल्या, सिटिंगची शीट आणा, मशीन आणि सेटिंग लिहितात तो कागद, म्हणजे पुढं काय टाळायचं ते कळेल.

आता खरी गोष्ट इथनं सुरू होते.

काउंटरवर गेले, शीट मागितली. ‘सर इल्ला री, नाळे बर्री.’ सर नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले तर सर धारवाडला. मग सांगितलं फाइल आत आहे, आतली मॅडम जेवायला गेलीय. मी बसून राहिले, मॅडम आल्या आणि म्हणाल्या लेझर म्हणजे लेझर, त्याचं नाव तुम्हाला कशाला पाहिजे? मग एक कागद हातात दिला, बघते तर मी पहिल्या दिवशी सही केलेला कन्सेंट फॉर्म. एका बाजूला इंग्लिश, एका बाजूला कन्नड. मला कन्नड बोलायला येतं पण वाचायला अक्षर अक्षर जोडावं लागतं, आणि सही घेताना तर ‘इथं, इथं आणि इथं’ एवढंच सांगितलेलं. त्यात भाजणं, फोड, काळे-पांढरे डाग, व्रण सगळं बारीक अक्षरात छापलेलं, मशीनचं नाव मात्र कुठंच नाही.

नंतर म्हणाले लेखी अर्ज द्या. इंग्लिशमध्ये दिला. तर म्हणे कन्नडमध्ये द्या, सरांना तसा लागतो. खाजगी सेंटर आहे हो, तहसीलदार ऑफिस नाही! ऑफिसमधल्या मैत्रिणीनं जेवणाच्या सुट्टीत कन्नडमध्ये लिहून दिला, तर आता त्याच्या कॉपीवर शिक्का मारायला कुणी तयार नाही. वर उत्तर काय, तर आम्ही हॉस्पिटल नाही, ब्युटी सेंटर आहोत. बाहेरच्या बोर्डावर मात्र डॉक्टरचं नाव डिग्रीसकट. त्या दिवशी वडगावची आत्या सोबत होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरला कोपर टेकून म्हणाली, ‘पैसे घेताना मशीनीतनं बिल निघालं की, मग आता हे का निघंना?’ बसलेल्या बायका हसायला लागल्या तसं त्या मुलीचं तोंड पडलं. मला तिची दया आली खरं तर, पगार घेऊन शिव्या खायला तिला बसवलंय, सर काही पुढं येत नाहीत.

उपयोग झाला तो एका नियमाचा, म्हणून लिहून ठेवते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर डॉक्टरनं ७२ तासात द्यायचं, आणि ॲडमिट झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं सांभाळायचं. हे वाक्य घालून, बोर्डावरच्या त्या डॉक्टरच्याच नावानं अर्ज स्पीड पोस्टनं पाठवला. पोस्टाची पावती म्हणजे तुमचा शिक्का, काउंटरवर भांडत बसू नका. मग आपोआप व्हॉट्सॲपवर शीटचा फोटो आला! मशीन डायोड. शेवटच्या सिटिंगला ज्यूल आधीपेक्षा बरेच वाढवलेले, आणि ‘स्किन टाइप’ हा रकाना कोरा. मला त्या फोटोचा केवढा आनंद झाला, डाग तसेच असून.

डॉक्टरबाईंनी शीट बघून लेझर सध्या बंद म्हणून सांगितलं, रोज सनस्क्रीन, एक मलम, पट्टे जायला काही महिने लागतील म्हणाल्या. मेडिकलमधनं मनानं ट्यूब आणून लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि चेहऱ्यावर ते फार दिवस लावलं तर उलट केस येतात. आणि हो, लेझरनंच केस वाढणं पण होतं काहींना, विशेष करून जबडा आणि मानेवर, पीसीओडीवाल्यांनी हे आधी विचारून घ्या. हार्मोनचं औषधपाणी नीट नसेल तर नवीन केस येतच राहतात. कायमचे जातात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कमी होतात, एवढंच. पांढऱ्या केसाला तर लेझर काहीच करत नाही.

आधी कोपऱ्यात टेस्ट पॅच मारायला सांगा आणि काही दिवस थांबून बघा. सिटिंगच्या आधी चार-सहा आठवडे वॅक्सिंग-थ्रेडिंग बंद, मूळच उपटलं तर लेझर पकडणार काय, रेझर चालतो. डोळ्यावर गॉगल पाहिजेच, भुवईच्या खाली डोळ्याच्या बाजूला अजिबात नाही. पायाला बधिर करायची क्रीम फासून वर प्लास्टिक गुंडाळतात काही ठिकाणी, ते करू देऊ नका, औषध रक्तात जास्त उतरून जिवावर बेतू शकतं. कर्नाटकात खाजगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते, ते सर्टिफिकेट भिंतीवर आहे का बघा. आणि प्रत्येक सिटिंगनंतर शीटचा मोबाईलवर फोटो काढा, मगच उठा.

उरलेल्या सिटिंगच्या पैशाचं अजून चालूच आहे. ते म्हणतात रिफंड नाही, फेशियलमध्ये ॲडजस्ट करून घ्या. त्यांच्याकडे परत तोंड घेऊन जाऊ मी?