शंभर मुलांची खिचडी: माप कुठे गळतं

पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा घ्या. आज पहिली ते पाचवीची ६० आणि सहावी-सातवीची ४० मुलं हजर आहेत. तांदूळ किती काढायचा? बहुतेक स्वयंपाकघरांत उत्तर मिळतं, ‘रोजचे सहा डबे.’ शालेय पोषण आहाराचं बरंच नुकसान या डब्यातच होतं.

सरकारने ठरवलेलं माप असं आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. लहानाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, हा त्यामागचा हिशोब. म्हणजे आपल्या शाळेत आज १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी आणि ६०० ग्रॅम तेल पातेल्यात जायला हवं. यातली ४० मोठी मुलं ६० लहानांइतकंच खातात. १२ किलोतला बरोब्बर अर्धा तांदूळ त्यांचा. ‘शंभर मुलं, दहा किलो’ असा सरळ हिशोब केला की दोन किलो तांदूळ तिथेच उडाला, आणि तो तुटवडा वाढीच्या वयातल्या पोरांच्या ताटात दिसतो.

हिशोब हजेरीवर करायचा, पटावर नाही. परिपाठ झाला की वर्गवार आकडा स्वयंपाकघरात कागदावर गेला पाहिजे. भिंतीवर एक तक्ता लावा. दर पाच मुलांमागे लहानांचं आणि मोठ्यांचं माप किलो-ग्रॅममध्ये लिहा. शेजारी काटा ठेवा. डबाच वापरायचा असेल तर एकदा काट्यावर तांदूळ मोजून डब्यावर रेघ मारा. डाळीचा डबा वेगळा, कारण त्याच डब्यात डाळीचं वजन वेगळं भरतं.

आता गोणी. या शाळेला महिन्याच्या २४ दिवसांना २८८ किलो तांदूळ लागतो, म्हणजे जवळजवळ सहा गोण्या. टेम्पो येतो, घाई असते, ‘सहा गोण्या मिळाल्या’ अशी सही होते. प्रत्येक गोणीत दीड किलो कमी निघाला तर सहा गोण्यांत नऊ किलो गेले. शंभर मुलांच्या एका दिवसाच्या तांदळातला पाऊण हिस्सा तो. म्हणून उतरवतानाच प्रत्येक गोणी काट्यावर चढवा, रिकाम्या बारदानाचं वजन वजा करा आणि पोचपावतीवर गोण्यांचा आकडा न लिहिता भरलेलं निव्वळ वजन लिहा. नाहीतर आहाराची रोजची नोंद होते त्या अ‍ॅपमध्ये हजेरीनुसार साठा वजा होत जातो, कागदावर तांदूळ शिल्लक दिसतो आणि कोठीत नसतो. मग मुख्याध्यापक तो फरक भरून काढायला रोजचं माप थोडं थोडं कमी करतात. चोरी कुणीच केलेली नसते, तरी मूल उपाशी राहतं.

तांदूळ निवडताना काही दाणे वेगळे दिसतात, जरा पिवळट किंवा मळकट. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून फेकले जातात. कृपा करून फेकू नका. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले, १०० किलोला एक किलो या प्रमाणात घातलेले. पन्नास किलोच्या गोणीत जेमतेम अर्धा किलो. धुताना ते कधी कधी वर तरंगतात आणि पाण्याबरोबर ओतले जातात. एक-दोन हलक्या पाण्यांत धुवा, चोळू नका, पाणी सावकाश निथळा.

पातेल्यात सगळ्यात आधी कमी होते ती डाळ, मग भाजी. तांदूळ कमी पडला तर लगेच बोभाटा होतो. डाळ कमी पडली तर खिचडी हळद घातल्यामुळे पिवळीच दिसते, कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पालकांनी भेट द्यायची तर जेवणाच्या वेळी न जाता डाळ भिजत असताना जावं. शंभर मुलांच्या शाळेत ती अडीच किलोच्या आसपास दिसली पाहिजे. भाजी सहा किलो म्हणजे भरलेली मोठी पाटी. चार बटाटे आणि दोन टोमॅटो तरंगत असतील तर ती भाजी नाही. स्वयंपाकाच्या खर्चाचा दिवसाचा सरकारी दर मे २०२५ पासून लहान मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यामागे १० रुपये १७ पैसे आहे. या शाळेचे दिवसाचे ८१३ रुपये ६० पैसे होतात. डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं त्यातच. पावसाळ्यात भाजी महागली की ते पुरत नाहीत हे खरं आहे. अशा वेळी शेवगा, लाल भोपळा, गावात निघणारी पालेभाजी हाच मार्ग उरतो. शेवग्याचा पाला तर फुकट मिळतो आणि त्यात लोहही आहे.

मोड आलेली मटकी सोमवारी ठेवू नका. शनिवारी भिजवली तर सोमवारपर्यंत आंबते, रविवारी शाळेत भिजवायला कुणी नसतं. मंगळवारी करायची तर सोमवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा. जुनी चवळी किंवा हरभरा शिजत नसेल तर सोडा घालू नका, जीवनसत्त्वं जातात. जास्त वेळ भिजवा, आणि टोमॅटो-चिंच दाणा मऊ झाल्यावरच घाला. आंबटात कडधान्य टणक राहतं.

बारा किलो तांदळाच्या खिचडीला सत्तर-ऐंशी लिटरचं पातेलं लागतं. लहान पातेलं गळ्यापर्यंत भरलं की खाली लागते, वर कच्ची राहते. एवढं पातेलं नसेल तर दोन खेपांत शिजवा. दोन स्वयंपाकीण ताईंकडून हे सगळं अपेक्षित आहे (२५ मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन) आणि त्यांचं मानधन महिन्याला २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. माप चुकलं म्हणून त्यांच्यावर ओरडण्याआधी त्यांना काटा आणि पुरेसं पातेलं दिलंय का, हे बघा.

वाढताना भातवाढी एकदा भरून तोला. दोनशे ग्रॅमची निघाली तर लहानाला दोन, मोठ्याला तीन. आधी शिक्षकांनी आणि एखाद्या पालकाने चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची, नमुना झाकून २४ तास ठेवायचा. ही सही आठवडाभराची एकदम होऊ नये. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामनमध्ये जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. कोठीत तेलाशेजारी फवारणीचं औषध नको, औषधाचा रिकामा डबा तर शाळेच्या आवारातच नको. गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, जुनी पुढे आणि नवी मागे.

आणि खिचडी शिजलीच नाही तर? मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे धान्य, पैसे, इंधन किंवा स्वयंपाकीण नसल्याने आहार बुडाला, तर त्या दिवसाचं धान्य आणि खर्चाची रक्कम अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला द्यावी लागते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस बुडाला तर जबाबदारी निश्चित करायची आहे. धान्य संपलं तर तात्पुरता शाळेचा इतर निधी वापरायची मुभाही त्याच नियमांत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात; बुडालेल्या तारखा इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी तक्रारीवर भत्ता निघत नाही.

सुट्टीत ही चूल बंद असते. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळ्यातही आहार द्यायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे; बाकी ठिकाणी घरचं रेशनच आधार. रेशनकार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ गटात असलेल्या घराला माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. पण ‘माणशी’ म्हणजे कार्डावर नाव असलेला माणूस. पहिलीत आलेल्या कितीतरी मुलांची नावं अजून चढलेली नसतात. जन्मदाखला आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, पोच घ्या, आणि नाव चढलं की दुकानातल्या मशीनच्या पावतीवर माणसं किती दिसतात ते मोजा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी कार्ड गावाकडे सोडून जाण्याची गरज नाही, तिथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. शाळेत प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला हातात असतोच. त्याच दिवशी एक झेरॉक्स जास्तीची काढा.