अकरावं नाव

रविवारी दुपारी शिफ्टला आलो तेव्हा क्वालालंपूरचा व्हिडिओ डेस्कवर येऊन पडला होता. आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या व्यासपीठावर दहा झेंड्यांच्या जोडीला पूर्व तिमोरचा झेंडा लागला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पंतप्रधान शनाना गुस्माओ बोलताना भावुक झाले. तारीख २६ ऑक्टोबर २०२५. आंतरराष्ट्रीय पान मी बरीच वर्षं सांभाळतोय, पण कुणाला सदस्यत्व मिळाल्याच्या बातमीने गळा दाटून यावा, असं पहिल्यांदाच झालं.

मुख्य बातमी मी घेतली आणि चौकट डेस्कवरच्या नव्या मुलीकडे दिली. अर्ध्या तासात तिचा मजकूर आला. शेवटचं वाक्य होतं : ‘निकष पूर्ण न झाल्याने पूर्व तिमोरचा प्रवेश साडेचौदा वर्षे रखडला.’ अर्ज मार्च २०११चा, म्हणजे हिशेब बरोबर. पान सोडायला अवकाश होता. तिला म्हटलं, “कुठला निकष, तेवढं लिही.”

ती आसियानची सनद उघडून बसली. सहावं कलम. देश आग्नेय आशियातला असावा, सगळ्या सदस्यांनी त्याला मान्यता दिलेली असावी, त्याला सनद मान्य असावी आणि जबाबदाऱ्या पेलण्याची कुवत नि इच्छा असावी. थोड्या वेळाने ती खुर्ची सरकवून माझ्याकडे आली. “सर, पहिल्या तीन अटींत अडण्यासारखं काही दिसत नाही. पण चौथी मोजायची कशी?”

तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. कुवत मोजायला पट्टी नाही. ती आहे की नाही हे आधीच आत बसलेले देश ठरवतात आणि तेही एकमताने. जेमतेम चौदा लाख वस्तीचा गरीब देश; वर्षभर चालणाऱ्या शेकडो बैठकांना माणसं तरी कुठून पाठवणार, अशी शंका काही सदस्यांना होती. शंका अगदीच निराधार नव्हती. पण ती फिटली असं कधी म्हणायचं, हे सनदेत कुठेही नाही. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तत्त्वतः होकार मिळाला, मग पूर्ततेची यादी हातात पडली आणि पुढची तीन वर्षं त्यात गेली. मला हलवून गेली ती एक गोष्ट : ज्या इंडोनेशियाने १९७५ ते १९९९ या देशावर ताबा ठेवला, त्यानेच पुढे त्याचा अर्ज उचलून धरला.

“सगळीकडे असंच असतं का?” तिने विचारलं. नसतं. आफ्रिकन युनियनमध्ये सदस्य देशांचं साधं बहुमत पुरतं. मोरोक्को १९८४मध्ये, तो स्वतःची म्हणतो त्या पश्चिम सहाराच्या भूमीवर उभ्या राहिलेल्या सहारावी प्रजासत्ताकाच्या प्रश्नावरून तेव्हाच्या आफ्रिकी संघटनेतून बाहेर पडला होता. २०१७मध्ये तो परतला, तेव्हा सहारावी प्रजासत्ताक आतच होतं. एकमताची अट असती तर ते दार उघडलंच नसतं. याच मोरोक्कोने १९८७मध्ये युरोपीय समुदायाकडे अर्ज केला होता. तिथे तो युरोपीय देशच नाही म्हणून विषय संपला. भूगोलाचा नकार निदान स्पष्ट तरी असतो.

शेजाऱ्याचा नकार फार लांबतो. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत तर एखाद्या सदस्याचा ज्याच्या भूमीवर दावा आहे अशा नव्या देशाला प्रवेशच नव्हता. गयाना १९६६मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्या भूमीवर व्हेनेझुएलाचा दावा. बेलीझ १९८१मध्ये स्वतंत्र झाला, त्याच्यावर ग्वाटेमालाचा. सनदेतली ती आडकाठी डिसेंबर १९९०मध्ये संपली आणि दोघेही १९९१च्या जानेवारीत आत आले. म्हणजे दावा दुसऱ्याने सांगायचा आणि गयानाने पंचवीस वर्षं दाराबाहेर बसायचं. उत्तर मॅसिडोनियाने तर ग्रीसच्या आक्षेपापायी २०१९मध्ये देशाचं नाव बदललं आणि पुढच्याच वर्षी युरोपीय संघाच्या वाटेवर बल्गेरिया आडवा आला. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या डेस्कवरून दोघांनी मान वर करून पाहिलं.

तिने ते शेवटचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं : ‘प्रवेशासाठी सर्व दहा सदस्यांचे एकमत आवश्यक होते, ते होण्यास साडेचौदा वर्षे लागली.’ मी एक अक्षरही बदललं नाही.

पान लागत असताना आर्टिस्टने हाक मारली. “सर, आसियानच्या बोधचिन्हात भाताच्या दहाच काड्या आहेत. एक वाढवून देऊ?” म्हटलं, त्यांनी वाढवल्याशिवाय आपण वाढवायची नाही. दहा काड्यांच्या त्या पेंढीखाली सदस्यांची नावं होती. चौकट भरलेली होती. अकरावं नाव बसवण्यासाठी टाइप अर्ध्या पॉइंटने कमी केला आणि पान सोडलं.