आढाव्यात आपलं मत कुठे बसतं: अहिराणीवरच्या प्रकरणाचा अनुभव

प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, पहिल्यांदा तपासून आलं तेव्हा समासात जागोजागी एकच लाल शेरा होता: ‘हे कोण म्हणतं?’ सगळी मतं काढून पुन्हा दिलं, तर शेरा आला: ‘मग तुम्ही काय म्हणता?’ चिडचिड झाली, पण दोन्ही शेरे बरोबर होते.

विषय अहिराणी. खानदेशातल्या माणसाला या विषयावर मत नसणं अवघडच. ‘अहिराणी ही बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे’ असं वाक्य मी पहिल्याच पानावर ठोकलं होतं. आढाव्यात ते तसं चालत नाही. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रियर्सनने केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड 1905 चा. खानदेशी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907), भिली भाषांच्या शेजारी बसवलेली. जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात आणि अहिराणी तिच्याखाली येते. उलट, मराठीच्या बोलींची यादी करणारे कितीतरी अभ्यासक अहिराणीला त्या यादीत धरतात. हे तीन पक्ष ओळीने मांडले की नुसती नोंद होते. कोण कशाच्या आधारावर बोलतंय हे सांगितलं, तर आढावा होतो. म्हणून नंतरचं वाक्य असं झालं: ‘जनगणनेतला आकडा माणसाने आपल्या भाषेचं जे नाव सांगितलं त्यावर उभा असतो, त्यामुळे वर्गीकरणाचा पुरावा म्हणून तो अपुरा आहे.’ हेही माझंच मत आहे, फक्त त्याखाली कारण आहे.

हे जमलं ते तक्त्यामुळे. एका संदर्भाला एक ओळ आणि पाच रकाने: प्रश्न काय, नमुने कुठले (गाव, तालुका, किती बोलणारे), पद्धत, निष्कर्ष, आणि पाचवा रकाना माझा. पाचवा त्याच दिवशी भरायचा, पान क्रमांकासकट. आठवड्याने भरला की लेखकाचं वाक्य कोणतं आणि आपलं कोणतं याचा घोळ होतो. खरा माल दुसऱ्या रकान्यात निघतो. शीर्षकात ‘खानदेश’ आणि नमुने एकाच तालुक्यातले, हे तिथे लगेच दिसतं. खानदेशाच्या पश्चिमेचं साक्रीकडचं बोलणं आणि पूर्वेचं रावेर-यावलकडचं बोलणं ज्याने ऐकलंय त्याला हे बोचेलच. तक्ता आडवा वाचून लिहिलं की ‘यांनी असे म्हटले, त्यांनी तसे म्हटले’ अशी माळ होते. उभा वाचला की परिच्छेदाचा विषय हाती येतो.

क्रियापदांकडे माझं सुरुवातीला लक्षच नव्हतं. ‘दाखवून दिले’ लिहिलं म्हणजे आपण सहमती देऊन बसलो. ‘दावा केला’ म्हटलं की शंका घेतली. पुरावा पाहिलेला नसेल तर साधं ‘मांडले’ किंवा ‘नोंदवले’.

घरची माहिती वापरायची का, हा सगळ्यात नाजूक भाग. काही लेखांत बहिणाबाईंची गाणी अहिराणीचा नमुना म्हणून येतात. जळगावकडचा माणूस म्हणेल, ती अहिराणी नाही, लेवा गणबोली ही वेगळी बोली आहे. पण ‘आमच्याकडे असंच बोलतात’ हा संदर्भ होत नाही. हेच म्हणणारा छापील आधार आधी शोधायचा. मग एखादं रूप धरायचं: अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’. ते त्या नमुन्यात किती वेळा येतं ते मोजून आकडा द्यायचा. एवढं करायला वेळ नसेल तर ते मत चर्चेच्या प्रकरणासाठी राखून ठेवावं.

मत टाळलं की वाङ्मयचौर्याच्या तपासणीतही अडचण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत वाङ्मयचौर्याची पहिली पातळी, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर करणं. सारांशाला सारांश जोडून केलेला आढावा तिथे हमखास अडकतो, कारण त्यात आपली वाक्यंच नसतात.

आणि ‘या विषयावर आजवर कुणीच काम केलेले नाही’. हे आढाव्यातलं सगळ्यात धाडसी मत, आणि ते आपण वस्तुस्थिती म्हणून लिहून मोकळे होतो. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ‘खानदेशी’ शोधलं आणि ‘खान्देशी’ राहिलं, तर अर्धं काम नजरेआड. ‘अहिराणी’, ‘अहिरानी’ आणि रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगंही टाकून पाहायची. मग लिहायचं: अमुक शब्दांनी, अमुक ठिकाणी, अमुक तारखेपर्यंत शोधलं असता आढळलं नाही. माझ्या त्या वाक्यावर तिसऱ्या वेळी लाल शाई लागली नाही.