पाच पाकळ्या आणि चौकोनी घरे

आजची संपूर्ण दुपार एका शुभेच्छापत्रासाठी फुलीच्या टाक्याचा नमुना आखण्यात गेली आणि ती सार्थकी लागली. कार्डाची खिडकी, म्हणजे भरतकाम दिसण्यासाठी कापलेली जागा, 3 इंच लांब व 2 इंच रुंद आहे. 14 काउंटच्या कापडावर एका इंचात 14 फुल्या बसतात, म्हणजे हाती 42 बाय 28 घरे येतात आणि चारही कडांना दोन-दोन घरे मोकळी सोडली की 38 बाय 24 एवढीच उरतात. ग्राफ पेपरवर चार किंवा आठ पाकळ्या सहज सारख्या जमतात, पाच मात्र जमत नाहीत. तीन वेळा खोडल्यानंतर मी फूल अगदी समोरून न दाखवता किंचित कलते काढले, मागची पाकळी अवघ्या सात घरांची ठेवली आणि त्यात एकदम जीव आला.

गुलाबी रंगाच्या पाच छटांपैकी दोन वगळल्या, कारण इतक्या लहान फुलात जवळच्या छटा एकमेकींत मिसळून जातात. सहा पदरी धाग्याचे दोन पदर घेऊन फुल्या भरल्या आणि नंतर एकाच पदराने पाकळ्यांच्या कडेने गडद गुलाबी उलटी टीप घातली, तेव्हा कुठे प्रत्येक पाकळी वेगळी दिसू लागली. (काळी बाह्यरेषा मला पटत नाही, तिने नाजूक फूल जड होते.) एका पानात फुलीचा वरचा टाका चुकून उलट्या दिशेने गेला होता आणि तेवढेच पान उजेडात निराळे चमकत होते, म्हणून ते सगळे उसवले. ते पान आणि देठ उद्या भरायचे आहेत.