पंचेचाळीस मिनिटांत मावणारी गोष्ट

लेकीने इंग्लंडमध्ये जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी शालेय परीक्षा, दिली तेव्हा तिच्याबरोबर माझाही इंग्रजीचा अभ्यास झाला. तिला धास्ती होती ती एक्यूए बोर्डाच्या इंग्रजी भाषेच्या पहिल्या पेपरातल्या पाचव्या प्रश्नाची. एखादं चित्र किंवा विषय देतात आणि वर्णन किंवा गोष्ट लिहायला सांगतात. ८० पैकी ४० गुण या एकाच प्रश्नाला, आणि वेळ साधारण ४५ मिनिटं.

मी महाराष्ट्रात शिकले. आम्हाला मुद्दे दिलेले असायचे. ते जोडून गोष्ट पुरी करायची, शीर्षक द्यायचं, तात्पर्य लिहायचं. इथे मुद्दे नाहीत आणि तात्पर्यही कुणी मागत नाही. लेकीच्या सुरुवातीच्या गोष्टींत अपहरण, विमान अपघात, हरवलेली जुळी बहीण असं सगळं असायचं, आणि वेळ संपला तरी गोष्ट अर्ध्यावरच. मग तिच्या बाईंनी अट घातली: जागा एक, माणसं दोन, गोष्टीतला काळ दहा-पंधरा मिनिटांचा. ही अट मला फार मोलाची वाटते. घटना कमी झाल्या की माणसाकडे नीट बघायला सवड मिळते. स्टेशनवरचा म्हातारा दुःखी होता, असं न लिहिता तो कोटाचं एकच बटण पुन्हा पुन्हा लावत-काढत होता, असं तिने लिहिलं, आणि तो मला दिसला.

शेवट आधी ठरवायचा, हे दुसरं. पहिली पाच मिनिटं आराखड्याला: सुरुवात, बदल कुठे होतो, शेवटचं वाक्य. 'आणि मला जाग आली' हा शेवट बाद. संवाद दोन-चार ओळींचाच. लांबला की गोष्ट अडते आणि अवतरणचिन्हं चुकतात. ४० पैकी १६ गुण स्पेलिंग, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेचे असतात, म्हणून शेवटची पाच मिनिटं तपासायला.

गोष्ट पाठ करून जा, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. विषयाशी सांधा जुळत नाही आणि तपासणाऱ्याच्या ते लक्षात येतं. त्यापेक्षा ओळखीच्या जागा मनात तयार ठेवाव्यात. आजोळच्या घरातली माळ्यावर जायची शिडी, ओल्या घोंगडीचा वास, हे तिने सरावात कितीतरी विषयांना वापरलं आणि दर वेळी ते खरं वाटलं.

सराव मात्र घड्याळ लावून, कागदावर पेनाने करावा. एरवी सगळं लॅपटॉपवर लिहिणाऱ्या मुलांचा हात पाऊण तासात भरून येतो.