गाडी पालथी का करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी आलेला पाहुणा कपाटातल्या प्लास्टिकच्या आगगाड्या बघतो, एखादी हातात घेतो आणि म्हणतो, "ही किती सालची?" मी गाडी त्याच्या हातातून घेतो, पालथी करतो आणि खिडकीशी नेऊन तिचं पोट बघतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "अहो, तोंड न बघता वय कसं कळतं?"

तोंड फसवतं म्हणून. चित्तरंजनला वाफेची इंजिनं बनायची थांबली १९७२ साली. खेळण्यांच्या दुकानात मात्र धुराडंवालं इंजिन आजही मिळतं. डाय, म्हणजे गाडी ओतायचा साचा, पोलादाची असते, नीट सांभाळली तर लाखो नग काढते. एक कारखाना बंद पडला की डाय दुसऱ्याला विकली जाते आणि तीच गाडी लालची हिरवी होऊन पुन्हा बाजारात येते. जपानची ती निळ्या रुळांची प्लारेल घ्या. १९५९ साली निघाली, आणि तेव्हाच्या रुळाला आजचा रूळ अजून जोडता येतो. अशा वेळी नुसतं रूप बघून काय कप्पाळ सांगणार?

पुण्याच्या जुन्या बाजारात एकाने मला एक गाडी दाखवली होती. "घ्या साहेब, इंग्रजांच्या काळातली." डब्यावर कागदी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर राजधानी एक्स्प्रेस. राजधानी सुरू झाली १९६९ साली. मी म्हटलं, "इंग्रज जाऊन बावीस वर्षं झाली होती हो तोवर." तो हसला आणि पन्नास रुपये कमी केले. माझी पद्धत एवढीच आहे. मी साल सांगत नाही, 'याच्या आधीची नाही' एवढं सांगतो.

आता पोट. आधी कुठे बनली ते शोधायचं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० यांच्या मधली. 'एम्पायर मेड' दिसलं तर बहुतेक हाँगकाँगची, पन्नास-साठच्या दशकांतली. आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांच्या पोटावर बरेचदा काहीच नसतं. मग मी प्लास्टिक बघतो. गाडी टेबलावर अलगद टेकवली आणि टण्ण असा काचेसारखा आवाज आला तर पॉलिस्टायरिन. ते कडक, चकचकीत आणि ठिसूळ. आवाज बोदा आला, नखाने ओरखडा उठला, हाताला मेणचट लागलं तर पॉलिथिन. खात्री हवी असेल तर सुटं चाक पाण्यात टाका. पॉलिथिन तरंगतं, पॉलिस्टायरिन बुडतं. सुई तापवून टोचायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. गाडी सेल्युलॉइडची निघाली तर भडकन पेटेल. सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात चोळलं की कापराचा वास येतो, तेवढं पुरे.

पोटाच्या आतल्या बाजूला रंगाच्या रेघा दिसतात, संगमरवरासारख्या. कारखान्यात वाया गेलेले तुकडे दळून पुन्हा प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यात मिसळले की असं होतं. वरून रंग दिलेला असतो, आत कुणी बघत नाही. माझ्याकडे एकाच इंजिनाचे दोन नग आहेत. एकाचे रिव्हेट मोहरीसारखे टपोरे, बोटाला टोचतात. दुसऱ्याचे पुसट, आणि दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर प्लास्टिकची पातळ झालर आलेली. डाय झिजली की झालर येते. म्हणजे दुसरं नंतरचं. किती नंतरचं, ते पोट सांगत नाही.

ते खोका सांगतो, म्हणून मी आधी खोका विचारतो. लोक खोका टाकून देतात आणि गाडी जपतात. मला विचाराल तर एकवेळ उलटं करा. खोक्यावरच्या पत्त्यात 'बॉम्बे ४०० ०२८' असा सहा आकडी पिनकोड असेल, तर तो १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. त्याआधी तोच पत्ता 'बॉम्बे २८' होता. पण नुसतं 'बॉम्बे २८' दिसलं म्हणून उड्या मारू नका. छपाईचे जुने ठसे पडून असले की लोक पुढेही तेच छापत. किमतीपुढे 'लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा' असेल तर साधारण १९९० च्या आधीचा. 'मुंबई' असेल तर बहुधा १९९५ नंतरचा. मराठीत छापलेला असेल तर हा नियम बाद, मराठीत ती कायम मुंबईच होती.

एवढं कळूनही हातून चुका होतातच. एका पॉलिस्टायरिनच्या डब्याच्या टपावर मी मऊ प्लास्टिकची वायर गुंडाळून ठेवली होती, त्याच सेटमधली. दोन पावसाळ्यांनी कपाट उघडलं तर वायर टपात रुतलेली. मऊ पीव्हीसीमधलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरिनला विरघळवतं. वायर ओढून काढली, तिच्या वळणांची नक्षी टपावर राहिली. आता प्रत्येक डबा वेगळा, साध्या सुती फडक्यात. बायको म्हणते, तिच्या पैठणीला एवढा मान नाही.

आणि हो, "विकली तर किती येतील?" हेही विचारता तुम्ही. ते त्या जुन्या बाजारवाल्याला विचारा. परवाच्या रविवारी त्याने मला लांबूनच हाक मारली. हातात रिकामा, एका कडेने फाटलेला खोका, पत्त्याची बाजू माझ्याकडे केलेली.

"साहेब, पिनकोड नाहीये!"

किंमत दुप्पट.