कितवा नंबर आला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर गेली पाच वर्षं मी हा प्रश्न हसण्यावारी नेत आलेय. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काउंटरला बसते, आणि इथली हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे डोंगरातली पळायची शर्यत, झाली की दुसऱ्या दिवशी सोमवारी पाय फेंगडे टाकत कशीबशी खुर्चीत बसते न बसते तोच पहिल्या पासबुकाबरोबर खिडकीतून प्रश्न आत येतो, "काय मॅडम, कितवा नंबर आला?" मग मी म्हणते, "अहो नंबर कसला, पूर्ण केली एवढंच." समोरचा माणूस "बरं बरं" म्हणतो, पण त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की ही आपटली.

आमच्या शेजारच्या मावशींनी तर पहिल्या वर्षी कहरच केला. मी घामाने नि पावसाने चिंब होऊन जिना चढत होते, छातीवर बिब, म्हणजे पळणाऱ्याच्या नंबराचा कागद, तसंच, सेफ्टी पिना लावलेलं, त्यावर नंबर ५३१८. मावशींनी दारातूनच तो वाचला आणि आत वळून काकांना म्हणाल्या, "पाच हजारावी आली गं बाई, तरी हसतीये बघा." मी खुलासा करायला थांबले नाही कारण थांबले असते तर पुढचा जिना चढता आला नसता. ती बातमी बिल्डिंगभर झाली आणि मला वाटतं अजून दुरुस्त झालेली नाही.

तर आधी एवढं सांगते, बिबवरचा आकडा म्हणजे नंबर नव्हे, तो बसच्या सीट नंबरासारखा असतो. त्याच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते आणि स्टार्टला, वळणावर, फिनिशला जमिनीवर मॅट टाकलेल्या असतात, त्यावरून गेलं की तुमची वेळ नोंदली जाते. वेळाही दोन असतात, एक गन टाइम, म्हणजे स्टार्ट झाला तिथपासूनचा, आणि एक नेट टाइम, म्हणजे तुम्ही स्वतः रेघ ओलांडली तिथपासूनचा. मागच्या गर्दीत उभं राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ती रेघ गाठायलाच सात-आठ मिनिटं लागतात, त्यामुळे आम्ही लोक कायम नेट टाइम सांगतो, आणि तोही सेकंदासकट.

आता ज्यांनी आमची रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, पण सपाटीवरची हाफ आणि ही यात फरक आहे. २०१२ पासून ही रेस होतेय आणि तिचं सगळं दुखणं आणि सगळी मजा एका यवतेश्वरच्या घाटात आहे. गावातून निघायचं, समर्थ मंदिराच्या बाजूने घाटाला लागायचं, कासच्या रस्त्यावर जाऊन वळायचं आणि तोच घाट उतरून परत गावात. म्हणजे अर्धी रेस चढ, अर्धी उतार. सप्टेंबरात पाऊस असतो नाहीतर धुकं असतं नाहीतर दोन्ही. पहिल्या वर्षी मी घरातला चांगला म्हणून सुती टी-शर्ट घातला होता, तो भिजून दीड किलोचा झाला आणि कुठे कुठे घासलं ते इथे लिहीत नाही, घरी आल्यावर अंघोळीचं पाणी अंगावर पडलं तेव्हा मी जी किंचाळले ती मावशींनी ऐकली. आता अर्धी डबी व्हॅसलीन लावून निघते.

बाकी तयारीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. आठवड्यात तीन दिवस पळायचं, मंगळवार-गुरुवार थोडं, रविवारी पहाटे लांब. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. लांबचं अंतर हळूहळू वाढवायचं, एकदम वाढवलं की पिंढऱ्या बोलायला लागतात. रेसच्या आधीचे दहा-बारा दिवस उलट कमी पळायचं, हे सगळ्यात अवघड, कारण रिकाम्या पायात नसलेली दुखणी उगवतात. गुडघ्यांचाही प्रश्न सगळे विचारतात, त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी, माझे अजून शाबूत आहेत. शाबूत नाहीत ती पायाची नखं, उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि अंगठ्याचं नख काळं पडून गळतं. सासूबाई म्हणाल्या, लाल नेलपॉलिश लावत जा म्हणजे दिसायचं नाही. लावते.

पण नंबर. मला वाटतं आपल्या डोक्यात शर्यत म्हटलं की शाळेतलं ग्राउंड येतं, चुन्याच्या रेघा, पहिला दुसरा तिसरा, मग उत्तेजनार्थ, आणि बाकीची पोरं टाळ्या वाजवायला. त्यामुळे हजारो लोक पैसे भरून, पहाटे उठून, जिंकण्याची काडीची शक्यता नसताना पळतात ही गोष्ट पचतच नाही. त्यात परत सगळ्यांना मेडल. आमचे एक साहेब म्हणाले, "सगळ्यांनाच मेडल म्हणजे मग त्याला किंमत काय?" मी त्यांना म्हटलं, साहेब, मेडल म्हणजे पावती आहे. भरणा झाल्याची. पावती आपण सगळ्यांनाच देतो की, हजार भरले तरी आणि लाख भरले तरी. ते हसले, पण पटलं नसावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी परत विचारलं, कितवा नंबर.

पहिल्या नंबराचा आणि आमचा संबंध फक्त एका ठिकाणी येतो आणि ती जागा मला सगळ्या रेसमध्ये जास्त आवडते. रस्ता तोच जायचा-यायचा असल्यामुळे आम्ही घाटात धापा टाकत असतो, काही जण चालत, काही जण कमरेवर हात ठेवून दरीकडे बघायचं नाटक करत, म्हणजे दम खात, आणि तेवढ्यात वरून मोटरसायकल येते, साइड साइड करत, आणि तिच्या मागून पहिला पळणारा खाली येतो. धुक्यातून एकदम. आवाज म्हणाल तर फक्त बुटांचा, टप टप टप, श्वासाचा नाहीच. तो दिसतो न दिसतो तोच वळणाआड जातो. मग दुसरा, मग थोड्या वेळाने पाच-सहा, मग पहिली बाई, आणि तिला बघून आमच्यातल्या बायका ज्या काय ओरडतात! त्या क्षणी कुणी मला विचारलं नाही की तू कितवी. मी त्यांच्या मागे दीड-दोन तासांनी पोहोचणार असते पण रस्ता एकच असतो ना, खड्डा त्यांनाही तोच लागलेला असतो.

आता खरं खरं पळणाऱ्यांचं सांगायचं तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदात मारली होती. तेवढ्या वेळात मी घाटाच्या मधल्या वळणावर असते, आणि तिथे लोक गूळ-शेंगदाणे देत असतात म्हणून अजून थोडी रेंगाळते. आमच्याच जिल्ह्यातली मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला गेली आणि दहावी आली, तेव्हाही आमच्या काउंटरला लोक हळहळत होते, "मेडल नाही ना मिळालं." दहावी! जगात!

त्याहून जुनी गोष्ट फडेप्पा चौगुल्यांची. बेळगावकडचे. १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाले, आणि त्या वर्षीचं अंतर नेहमीच्या ४२.१९५ पेक्षा जास्त होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा नंबर. मला नेहमी वाटतं, ते बोटीने एवढा प्रवास करून घरी आले असतील, आणि गावात शिरता शिरता कुणीतरी पारावरून विचारलं असेल, "कितवा आलास रे?" आणि त्यांनी एकोणिसावा म्हटल्यावर तो पारावरचा माणूस "बरं बरं" म्हणाला असेल, अगदी आमच्या काउंटरवरच्यासारखं. असेल म्हणजे मी आपलं कल्पना करते.

पण मग मी नंबर बघतच नाही का? इथे जरा खरं बोलायला पाहिजे. "आम्ही नंबरासाठी पळत नाही" असं म्हणणारे आमच्या ग्रुपमधले सगळे जण, मी धरून, रिझल्टची लिंक आली की पहिल्या पाच मिनिटांत उघडतात. एकूणात कितवी, बायकांत कितवी, वयोगटात कितवी, आणि ग्रुपमधल्या अमकीच्या पुढे की मागे, हे शेवटचं सगळ्यात आधी. मागच्या वर्षी एकीच्या मी अकरा सेकंद मागे होते आणि तिने मला दिवाळीपर्यंत तीनदा तरी "अकरा सेकंदांचं काय असतं गं" असं सांगितलं.

ती यादी मी नीट, वरपासून खालपर्यंत वाचली ती मात्र दुसऱ्या वर्षी आणि तीही स्वतःसाठी नाही. त्या वर्षी मी चढ जोरात मारला, वळले, आणि आता काय उतारच आहे म्हणून सुटले. लोकांना वाटतं उतार म्हणजे आराम. चढाला दम लागतो हे खरं पण उतार मांड्या खातो, कारण प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या मांडीत असा गोळा आला की मी कठड्यावर बसकण मारली आणि चक्क रडले. तेवढ्यात एक आजोबा आले, सत्तरीचे तरी असतील, साधे कॅनव्हासचे बूट, टोपी. थांबले. म्हणाले, "बसू नगासा ताई, बसलं की मांड्या धरत्यात. चालत ऱ्हावा." आणि खिशातून कागदाची पुडी काढून चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. मिठाने गोळा जातो का यावर डॉक्टरांतही एकमत नाही, मुळात स्नायू दमलेला असतो हे मोठं कारण सांगतात, पण मी ते चाटलं आणि उठले आणि लंगडत चालायला लागले. वळून थँक्यू म्हणावं तर आजोबा पुढे निघूनही गेले होते. म्हणजे मला मीठ दिलं आणि माझा एक नंबरही घेऊन गेले.

३ तास २६ मिनिटं लागली त्या वर्षी, पहिल्या वर्षापेक्षा आठ मिनिटं जास्त. रिझल्ट आला तेव्हा मी माझ्या आधी फिनिश केलेल्या पुरुषांची नावं बघत बसले, वरच्या वयोगटातली. तीन जण निघाले ज्यांच्या वेळा जुळत होत्या. त्यातले आजोबा कोणते ते कळलं नाही, बिब नंबर मी बघितलाच नव्हता.

अजून एक सांगते मग झालं. २०१५ ला या आमच्या रेसचं नाव गिनीज बुकात गेलं. एका डोंगरावरच्या शर्यतीत सगळ्यात जास्त माणसं, २६१८. गावात केवढं कौतुक झालं, आणि मी तेव्हा पळतही नव्हते, पोवई नाक्यावर टाळ्या वाजवायला उभी होते, पोराला कडेवर घेऊन. पण नंतर माझ्या लक्षात आलं की हा रेकॉर्ड असा आहे की जो पहिल्या नंबराने होत नाही. पहिला किती वेळात आला याला त्यात काही किंमत नाही, तिथे डोकी मोजतात. सगळ्यात शेवटी जो माणूस रडत-खडत आला असेल तोही त्या २६१८ मधला एक. हे मी साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पण मग शेवटचा कोण आला होता?"

असो. तर यंदाचं उत्तर. २ तास ५४ मिनिटं ४० सेकंद, नेट टाइम. यंदा घाटात शहाणपणा केला, चार मिनिटं पळायचं एक मिनिट चालायचं, कुणी पुढे गेलं तर जाऊ दे म्हणायचं. उताराला पावलं छोटी टाकली. मीठ स्वतःचं नेलं होतं, पुडी बांधून, लागलं नाही, पण कठड्यावर एक पोरगी बसलेली दिसली, कॉलेजची असेल, तिला देऊन आले. अकरा सेकंदवाली यंदा माझ्या चार मिनिटं मागे आहे आणि मी तिला अजून काही बोलले नाहीये, दिवाळी यायची आहे.

आणि नंबर, माझ्या वयोगटातल्या बायकांत एक्काहत्तरावी. किती जणींत, हे विचारायला सोमवारी काउंटरला येणार असाल तर जरा थांबायची तयारी ठेवून या, खुर्चीतून उठून खिडकीशी यायला मला वेळ लागतोय.